पाच मुलांचा टक्का: छोट्या शाळेचा पट आणि निकाल वाचायचा कसा

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा किंवा पेठ तालुक्यात पाड्यावरची एखादी जिल्हा परिषद शाळा आहे असं समजा. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी मिळून चौदा मुलं. तिसरीत पाच जण. एप्रिलमध्ये त्यांतली तिघं परिच्छेद न अडखळता वाचतात, दोघं जोडाक्षर आलं की थांबतात. अहवालात तिसरीचं वाचन ६० टक्के. पुढल्या वर्षी तिसरीत येतात ती आज दुसरीत असलेली दोनच मुलं. एक वाचतं, एक वाचत नाही. अहवालात ५० टक्के. मग केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत प्रश्न येतो, “गुरुजी, दहा टक्के घसरले कसे?”

घसरलेलं काहीच नाही. दोन मुलांच्या वर्गाचा निकाल शून्य, पन्नास किंवा शंभर यांपैकीच काहीतरी लागणार. साठचा आकडा त्या वर्गाला गणितानंच अशक्य होता. तरी तो तक्त्यात मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी मांडला जातो, आणि त्यावरून शिक्षकाची, शाळेची, कधी कधी अख्ख्या पाड्याचीही किंमत केली जाते. हे मला फार लागतं. आकडे वाईट नसतात, पण इतक्या लहान शाळेचे आकडे वाचायची रीत वेगळी आहे आणि ती कुणी पालकांना सांगत नाही. पदवीधर माणसांनाही ती सहसा ठाऊक नसते. दहावीपर्यंतचं गणित आठवत असेल तर ती सहज समजते.

आधी व्याप्ती बघू. २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा म्हणजे चारदोन अपवाद असतील असा शहरात समज असतो. २०२३ मध्ये ‘समूह शाळा’ योजनेची, म्हणजे जवळजवळच्या छोट्या शाळा एका मोठ्या शाळेत आणण्याची, चर्चा सुरू झाली तेव्हा राज्य सरकारच्याच आकडेवारीत अशा १४,७८३ शाळा होत्या. त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. भागाकार करून बघा: शाळेमागे साडेबारा मुलं, दोन शिक्षक. चार इयत्तांत वाटली तर वर्गात तीन मुलं. म्हणजे वरचं चौदा मुलांचं उदाहरण या गटातल्या सर्वसाधारण शाळेपेक्षा जरा मोठंच आहे.

नशिबाचा वाटा किती?

आता असं धरू की जिल्ह्यातल्या शंभर छोट्या शाळांत शिकवणं अगदी सारख्या दर्जाचं आहे. प्रत्येक शाळेच्या तिसरीत पाच मुलं आहेत आणि प्रत्येक मुलाला वर्षाअखेरीस नीट वाचता येण्याची शक्यता ६० टक्के आहे. कुठलाच शिक्षक उजवा नाही, कुठलाच डावा नाही.

पाचही मुलं वाचणारी निघण्याची शक्यता म्हणजे ०.६ ला पाच वेळा गुणायचं. उत्तर येतं जवळपास ८ टक्के. उलट टोकाला, पाचांत एकच वाचणारं असण्याची किंवा एकही नसण्याची शक्यता सुमारे ९ टक्के. म्हणजे या शंभर शाळांपैकी आठेक शाळांचा निकाल शंभर टक्के लागेल आणि नऊएक शाळांचा वीस टक्के किंवा त्याहून कमी. आठ ठिकाणी शाल-श्रीफळ, नऊ ठिकाणी खुलासा मागणारं पत्र. शिकवण्यात मात्र तसूभरही फरक नाही.

हाच हिशोब तिसरीत पन्नास मुलं असलेल्या शाळांचा करा. तिथे निकाल वीसांपैकी एकोणीस वेळा साधारण ४६ ते ७४ टक्क्यांच्या आतच राहतो. शंभर टक्के लागायची शक्यता जवळजवळ नाहीच, वीस टक्क्यांवर यायचीही नाही. गणित तेच, मुलंही तशीच, फक्त संख्या वाढली म्हणून आकडा स्थिरावला. हा हेलकावा मुलांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो, हे अठराव्या शतकात अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञानं दाखवून दिलं. सोप्या भाषेत, हेलकावा निम्मा करायचा तर मुलं चौपट लागतात.

पाड्यावर तर हेलकावा या हिशोबापेक्षाही मोठा असतो. आपण प्रत्येक मूल वेगळं धरलं. पण तिथल्या पाचांत दोघं सख्खी भावंडं असतात, तिसरं त्यांच्या काकाचं. कुटुंब कामाला बाहेर पडलं की तिघं एकदम जातात. आजी आजारी पडली की मोठी मुलगी घरी थांबते आणि तिचं बोट धरून शाळेत येणारा धाकटाही थांबतो. एका घरात काही झालं की अख्ख्या शाळेचा टक्का हलतो.

यातूनच एक गोष्ट निघते आणि ती जगभर दिसली आहे. कुठल्याही यादीत सगळ्यात वर छोट्या शाळा असतात आणि सगळ्यात खालीही छोट्याच. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या शाळांच्या निकालांचा अभ्यास थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अर्थतज्ज्ञांनी केला. बक्षीस मिळवणाऱ्यांत छोट्या शाळांची गर्दी होती आणि शिक्षेच्या यादीतही त्यांचीच. नुसती वरची यादी पाहणारा म्हणेल, शाळा छोटीच हवी. नुसती खालची पाहणारा म्हणेल, छोट्या शाळा बंद करा. दोघांच्याही हातात कागद खरा, निष्कर्ष कच्चा.

याचा अर्थ शिक्षकानं काही फरक पडत नाही असा कुणी काढू नये. फरक पडतो, आणि छोट्या शाळेत तर फार पडतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यातली हिवाळीची जिल्हा परिषद शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरणारी शाळा म्हणून राज्यभर गाजली. तिथली मुलं पाढे म्हणतात, दोन्ही हातांनी लिहितात, ते नशिबानं आलेलं नाही. पण हिवाळीची ओळख एका वर्षाच्या टक्केवारीनं झालेली नाही, वर्षानुवर्षं तेच दिसत राहिलं म्हणून झाली. एका एप्रिलचा शंभर टक्के आणि दहा वर्षांचं सातत्य यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

दोन शिक्षकी शाळेत एका गुरुजींची बदली झाली की निम्मा स्टाफ बदलतो. एक जण प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग येतात. पहिलीला अक्षरं गिरवायला द्यायची, तिसरीला गणितं घालायची, तेवढ्यात पोषण आहाराची वेळ होते. चांगले शिक्षक मग इयत्तेच्या भिंती मोडून वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करतात, चौथीतली मुलगी पहिलीतल्या पोराला शब्द वाचून दाखवते. हे बहुवर्ग अध्यापन नीट जमलं तर छोटी शाळा फार सुंदर चालते. जमलं नाही तर मुलं दिवसभर फळ्यावरचं उतरवत बसतात.

पटावर कोण उरतं?

पटाचा आकडा सगळे विचारतात. त्या पटावर कोण आहे हे विचारणारे कमी. नाशिक जिल्ह्यात तालुके पंधरा, आणि पश्चिमेकडचं एखादं गाव आणि पूर्वेकडचं एखादं गाव यांत शाळेच्या दृष्टीनं दोन वेगळी जगं आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, तसंच दिंडोरी आणि कळवणचा बराच भाग आदिवासी. कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर, भिल्ल, कातकरी अशी कुटुंबं. बागलाण, देवळा, मालेगावकडे घरात अहिराणी. येवला, नांदगाव, सिन्नरच्या पूर्व भागात पाण्याची ओढ आणि त्यामुळे होणारं स्थलांतर.

पाड्यावरचं मूल घरी आपली बोली बोलतं. पहिलीत त्याच्या हातात प्रमाण मराठीचं पुस्तक येतं. त्याला वाचायला शिकायचं असतं आणि ज्या भाषेत वाचायचं ती भाषाही शिकायची असते. नाशिक रोडच्या मुलाला यातलं एकच काम असतं. दोघांची पहिलीच्या अखेरीस एकच चाचणी घेतली तर त्या गुणांत शाळेचा वाटा किती आणि घरच्या बोलीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून आदिवासी भागातल्या शाळेची खरी परीक्षा पहिलीत होत नाही, तिसरी-चौथीत होते. तोवर शाळेनं ते अंतर किती कापलं, ते तिथे दिसतं.

दुसरी गोष्ट निवडीची. गावात जरा बरी स्थिती असलेलं घर मुलाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतं. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळेत राहण्या-जेवण्याची सोय असते, म्हणून काही मुलं पहिलीपासूनच तिकडे जातात. विभागाच्या योजनेतून शहरातल्या नामांकित इंग्रजी शाळेत नंबर लागला तर तेही मूल पटावरून कमी होतं. पाड्यावरच्या शाळेत मग कोण राहतं? ज्याच्यासाठी धावपळ करायला घरी कुणी मोकळं नाही ते. जिला धाकट्या भावंडाला सांभाळायचं आहे ती. ज्याला मतिमंद म्हणून दुसऱ्या शाळेनं टाळलं तो. पट वीसवरून बारावर आला, तर गेलेली आठ मुलं चिठ्ठी टाकून निवडलेली नसतात. त्यामुळे शिक्षक पूर्वीइतकंच शिकवत असला तरी निकाल खाली येऊ शकतो. ‘पट घटला कारण दर्जा घसरला’ हे वाक्य आपण सतत ऐकतो. कैकदा गोष्ट उलट्या क्रमानं घडलेली असते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती कागदावर कुठेच दिसत नाही. यूडायस प्लसमध्ये, म्हणजे देशभरच्या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, भरला जाणारा आणि शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संच मान्यतेसाठी धरला जाणारा पट असतो ३० सप्टेंबरचा. वार्षिक चाचणी होते एप्रिलमध्ये. आणि नाशिक जिल्ह्यात या दोन तारखांच्या मध्ये द्राक्षांचा हंगाम असतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरपासून निफाड-दिंडोरी पट्ट्यात गोडी छाटणी सुरू होते. मग डिपिंग, विरळणी, आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणी. सुरगाणा-पेठची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर या बागांत उतरतात, काही गुजरातकडे जातात. नांदगाव-चांदवडकडून ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुलं बरोबर असतात. सप्टेंबरात पटावर असलेल्या चौदांपैकी डिसेंबरात वर्गात आठ दिसतात. बागेजवळच्या शाळेत त्याच वेळी अनोळखी मुलं येऊन बसतात, कुणी पंधरा दिवस, कुणी दोन महिने. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवून नव्या गावच्या शाळेत बसता येतं; मूळ गावी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. जिथे आजी-आजोबा आणि शिक्षक मिळून ते नेटानं चालवतात तिथे मुलं टिकतात.

आता निकालाचं बघा. तिसरीतल्या पाचांपैकी दोघं बागेवर गेली. एप्रिलमध्ये उरलेल्या तिघांची चाचणी झाली, तिघंही वाचतात. हजर मुलांचा निकाल १०० टक्के, पटावरच्या मुलांचा ६० टक्के. दोन्ही आकडे खरे, पण पहिल्यात दोन मुलं गायब झाली आहेत. कुठल्याही शाळेचा निकाल हातात आला की पहिला प्रश्न विचारावा: खाली भागाकारात कोणती संख्या घेतली, पटावरची की हजर असलेली?

जातीनिहाय किंवा मुलगा-मुलगी असे तक्ते अशा शाळेत आणखी जपून हाताळायला हवेत. चौदांपैकी तेरा मुलं अनुसूचित जमातीची आणि एक इतर मागासवर्गातलं असेल, तर ‘इतर मागासवर्ग: शून्य टक्के’ असं फळ्यावर लिहिणं म्हणजे त्या मुलाचं नाव लिहिणंच झालं. अमेरिकेत गटवार निकाल छापायला एक किमान संख्या ठरवलेली असते. ती राज्यागणिक वेगळी, अनेक ठिकाणी दहा. गटात त्याहून कमी मुलं असली की आकड्याच्या जागी नुसती खूण येते. आपल्याकडे मात्र पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर वर्गाची अख्खी गुणयादी सर्रास टाकली जाते. पाच मुलांच्या वर्गात हे क्रौर्य आहे.

मोठी सर्वेक्षणं इथे उपयोगी पडत नाहीत

मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणाऱ्या, ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालात जिल्ह्याची टक्केवारी आली की गावोगावी तिची आपल्या शाळेशी तुलना सुरू होते. हे सर्वेक्षण शाळेत होत नाही, घरोघरी होतं. जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावातली २० घरं. ४ डिसेंबर २०२४ ला झालेलं केंद्र सरकारचं परख राष्ट्रीय सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीचं, तेही निवडलेल्या शाळांतच. दोन्ही पाहण्या जिल्ह्याबद्दल काही सांगू शकतात. तुमच्या पाड्याबद्दल त्यांना काहीच म्हणायचं नसतं.

पण ‘असर’ची एक रीत उचलण्यासारखी आहे. ते मुलाला गुण देत नाहीत, त्याची पायरी पाहतात: मूल अक्षर ओळखतं, शब्द वाचतं, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद वाचतं की दुसरीच्या पातळीची गोष्ट. समोर बसवून, एकेकाला. चौदा मुलांच्या शाळेत हे काम एका सकाळी होतं. जूनमध्ये एकदा, दिवाळीआधी एकदा, एप्रिलमध्ये एकदा. वहीच्या एका पानावर चौदा नावं आणि प्रत्येकापुढे तीन रकाने. जी मुलगी जूनमध्ये अक्षरावर होती आणि एप्रिलमध्ये परिच्छेदावर आली, तिच्यासाठी शाळेनं दोन पायऱ्यांचं काम केलं. ‘तिसरीत वाचता आलं पाहिजे’ या निकषात ती कदाचित अजूनही नापासच धरली जाईल, कारण निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या उद्दिष्टानुसार तिसरीच्या अखेरीस मिनिटाला साठ शब्द हवेत आणि ती पस्तीसावर आहे. वहीचं ते पान पाहिल्याशिवाय तिच्या शिक्षकाबद्दल कुणी बोलू नये असं मला मनापासून वाटतं.

छोट्या शाळेचं बळ इथेच आहे. चारशे मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकाला सरासरीवाचून इलाज नसतो. चौदा मुलांच्या शाळेत सरासरी काढायची गरजच काय? तिथे प्रत्येक मूल नावानं, घरानं, बोलीनं ठाऊक असतं.

वरच्या कार्यालयाला आकडाच हवा असेल तर तो निदान भक्कम करून द्यावा. एका वर्षाची तिसरी न घेता सलग तीन वर्षांच्या तिसऱ्या एकत्र करा. ५, २ आणि ४ मिळून ११ मुलं झाली की हेलकावा बराच खाली येतो. केंद्रातल्या सगळ्या छोट्या शाळा एकत्र घेतल्या तर आणखी. आणि ‘६४ टक्के’ न लिहिता ‘११ पैकी ७’ लिहा. ११ पैकी ७ वाचलं की अधिकारी आपसूक विचारतो, ते चौघं कोण? ६४ टक्के वाचून हा प्रश्न कुणाला पडत नाही.

शाळा बंद करण्याच्या निर्णयातही हेच तपासायला हवं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. राज्याच्या २०११ च्या नियमांत वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा, पण तिथे किमान वीस मुलं असावीत असंही म्हटलं आहे. या वीसच्या आकड्याभोवती सगळी ओढाताण चालते. समूह शाळेचा मुद्दा सरसकट चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. तीन मुलांच्या वर्गात खेळाचा संघ होत नाही, वादविवाद होत नाही, बरोबरीच्या मुलाशी ईर्षा होत नाही. रस्ता चांगला असेल, गाडी रोज येत असेल, तर मोठ्या शाळेत मुलं खुलतातही. पण इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात ओढा ओलांडून सात वर्षांच्या मुलीला दोन-तीन किलोमीटर चालवायचं असेल, तर ती शाळा बदलत नाही, शाळा सोडते.

जुलै २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर आली होती, ते अनेकांना आठवत असेल. भाम धरणामुळे उठलेल्या वस्तीतली ही मुलं. शाळा बंद झाली म्हणून त्यांची मागणी होती, दप्तरं घ्या आणि बकऱ्या द्या. शाळा गेली की पुढे काय करावं लागेल हे त्या मुलांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून कुठलीही शाळा ‘निकाल कमी, पट कमी’ म्हणून मिटवण्याआधी तीन कागद मागावेत: तीन वर्षांचं मुलागणिक पायऱ्यांचं पान, महिनावार हजेरी, आणि नव्या शाळेपर्यंतचा रस्ता जुलै महिन्यात चालून पाहिल्याची नोंद.

हे कागद मागायचा हक्क पालकांना आहे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. बऱ्याच ठिकाणी समितीची बैठक म्हणजे रजिस्टरवर सह्या. त्याऐवजी एका बैठकीत मुलांना एकेक करून वाचायला बसवा. यादी करायला नको, नंबर काढायला नको. आई-वडिलांनी फक्त आपलं मूल कुठल्या पायरीवर आहे ते बघावं आणि गुरुजींना विचारावं, पुढच्या पायरीसाठी घरी काय करू? ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तिलाही आपलं मूल अडखळतंय की सरळ वाचतंय हे ऐकून कळतं. बैठकीची तारीख मात्र दसऱ्याच्या आधीची धरा. छाटणीला माणसं निघून गेली की गावात विचारायला आई-वडीलच नसतात, आणि बागेवर जाणाऱ्या मुलाचं शिक्षण हमी कार्ड भरून घ्यायचं काम त्याच दिवशी उरकता येतं.